बाबांना पाचच बटणं हवीत

प्रश्न: ताई, माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत. नजर मंदावली आहे, कान मात्र शाबूत. रात्री झोप लागेपर्यंत काहीतरी ऐकायचं, गाणी नाहीतर व्याख्यानं, ही त्यांची जुनी सवय. इतकी वर्षं कॅसेट प्लेअर होता. त्याचा पट्टा आता तिसऱ्यांदा तुटला आणि दुरुस्ती करणाऱ्यानं हात टेकले. मी दोन प्लेअर पाहून ठेवलेत. एकाला बोटभर स्क्रीन, पाच-सहा बटणं, मेमरी कार्डाची खाच, बस्स. दुसऱ्याला मोठी टचस्क्रीन, ब्लूटूथ, एफएम, रेकॉर्डिंग, व्हिडिओ, फोटो, पुस्तकं वाचायची सोय आणि चक्क पावलं मोजायचीसुद्धा. किमतीत म्हणावा तसा फरक नाही. दादा म्हणतो, "तेवढ्याच पैशात जास्त मिळतंय तर सोडायचं कशाला? नको ते वापरायचं नाही, पडून राहील." मला पटत नाही. पण का पटत नाही ते त्याला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल?

उत्तर: दादांचं म्हणणं ऐकायला बिनतोड आहे. घरात पाहुण्यांसाठी जादा गादी असते, ती कपाटात पडून असते, तिचा कुणाला त्रास होतो? पण प्लेअरमधली नको असलेली सोय कपाटात जात नाही. ती मेनूत येऊन बसते, एखाद्या बटणात वाटेकरी होते, आणि आपण गाण्याकडे निघालो की मध्ये आडवी येते. असून अडचण म्हणतात ती हीच.

माझंच सांगते. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत वीसेक वर्षं काढलेली बाई मी, त्यामुळे यंत्राला घाबरत नाही, उलट जरा जास्तच हावरी. दहा-बारा वर्षांपूर्वी असाच एक सर्वगुणसंपन्न प्लेअर घेतला होता. कंपनीचं नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्यांनी जे लिहिलं होतं ते सगळं दिलं होतं. त्याच्या उजव्या कडेला एक बटण होतं. एकदा दाबलं की थांबायचं, दोनदा दाबलं की इक्वलायझर, म्हणजे आवाजातले जाड-बारीक सूर कमी-जास्त करायची सोय, बदलायचा, आणि दाबून धरलं की रेकॉर्डिंग सुरू. एका लांबच्या बसप्रवासात मी गाणं थांबवलं, प्लेअर कोटाच्या खिशात टाकला आणि झोपले. उतरताना बघते तर बॅटरी मेलेली. घरी येऊन चार्ज केला, तर 'मेमरी भरली' अशी सूचना. आत तीन तास चाळीस मिनिटांची एक फाइल होती: माझ्या खिशाची खरखर. मधूनमधून चाळीस किल्ल्या हलल्यासारखा आवाज, ती माझ्या चष्म्याच्या घराची चेन. रेकॉर्डिंगची सोय मी वापरत नव्हते हो, पण ती मला वापरत होती.

आता बाबांच्या बाबतीत हे कुठे नडेल ते बघा. लहान प्लेअरमध्ये बटणांना जागा कमी आणि कामं जास्त, म्हणून बनवणारे एका बटणावर दोन कामं लादतात. 'पुढचं गाणं' आणि 'आवाज मोठा' ही जोडी एकाच बटणावर ठेवलेले प्लेअर मी कितीतरी पाहिले. टिचकी मारली तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. काहींत बरोबर याच्या उलट. अंधारात पडल्या पडल्या बाबांना आवाज थोडा मोठा करायचा आहे. बोट जरा लवकर उचललं गेलं, की व्याख्यान संपलं आणि पुढची फाइल सुरू. मग मागे जायचं बटण. तेही दाबून धरलं गेलं, तर आवाज आणखी बदलला. दोन रात्री असं झालं की तिसऱ्या रात्री प्लेअर उशाखाली जाईल आणि बाबा म्हणतील, "मला नाही जमत हे." जमत नाही ते बटण लावणाऱ्याला, पण कमीपणा येतो बाबांच्या वाट्याला.

टचस्क्रीनचं तर विचारूच नका. काचेवर बोट फिरवून कुठलं बटण कुठे आहे ते कळत नाही, तिथे डोळेच लागतात. २००७ साली ॲपलनं पहिला आयपॉड टच काढला तेव्हा त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटण कडेला दिलंच नव्हतं, तेही काचेवर. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलला ती बटणं आली. खिशात हात घालून जे काम होतं, त्यासाठी कुणाला खिशातून यंत्र काढून बघायचं नसतं, एवढी साधी गोष्ट.

दादांना आणखी एक गोष्ट सांगा, त्यांना आवडेल. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा प्लेअर होता, २००६ साली आलेला. ३१ डिसेंबर २००८ ला त्यातले ३० जीबीचे प्लेअर एकामागून एक जागच्या जागी थिजले. नुसती सुरुवातीची स्क्रीन, पुढे काही नाही. कारण गाण्याशी संबंधितच नव्हतं. आतल्या घड्याळाचा प्रोग्रॅम दिवसांच्या आकड्यावरून साल काढायचा. २००८ लीप वर्ष होतं, आणि वर्षाचा ३६६वा दिवस आल्यावर तो प्रोग्रॅम एकाच हिशेबात गोल गोल फिरत राहिला, बाहेर पडायची वाटच त्यात लिहिलेली नव्हती. उपाय काय सांगितला गेला? बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला, ग्रिनिच वेळेनुसार दुपारचे बारा वाजून गेल्यावर, पुन्हा चालू करा. म्हणजे दिवस उलटायची वाट बघा. आता गाणं वाजवायला आज कुठली तारीख आहे हे कशाला लागतं? पण घड्याळ आत होतं, आणि ते अडकल्यावर गाणंही अडकलं. तुमच्या बाबांच्या कॅसेट प्लेअरचा पट्टा तुटतो खरा, पण लीप वर्ष आलं म्हणून नाही.

मग तुम्ही-आम्ही दुकानात गेल्यावर जास्त सोयींचंच का उचलतो? यावर डेबोरा थॉम्पसन, रेबेका हॅमिल्टन आणि रोलंड रस्ट या तिघांचा २००५ सालचा एक अभ्यास आहे. त्यांना दिसलं ते असं: वस्तू हातात येण्यापूर्वी माणूस 'हे काय काय करतं' ते मोजतो आणि भरगच्च वस्तू निवडतो. वापरून झाल्यावर मात्र 'हे वापरायला किती सोपं आहे' याचं वजन वाढतं, आणि त्याच भरगच्च वस्तूवर तो नाराज होतो. दादा अजून पहिल्या पायरीवर आहेत. त्यांची चूक नाही, वापरायचं बाबांना आहे.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, ठरलं, सगळ्यात कमी बटणांचा घेते. थांबा. साधेपणाच्या नावाखालीही लोकांनी पुष्कळ छळ केलेला आहे. २००९ च्या मार्चमध्ये आलेला ॲपलचा चिमुकला प्लेअर, आयपॉड शफल, आठवतो का? आधीच्या शफललाही स्क्रीन नव्हती, पण पुढे गोल बटणं होती, आंधळ्या माणसालाही सापडावीत अशी. या नव्यावर ती बटणं काढूनच टाकली. बाकी सगळं इयरफोनच्या वायरवर. वायरवरचं मधलं बटण एकदा दाबलं तर थांबा, दोनदा दाबलं तर पुढचं, तीनदा दाबलं तर मागचं. दिसायला इतका सुबक की टायपिनच वाटावी. आणि इयरफोन तुटला किंवा दुसरा साधा लावला की गाणं बदलायची सोयच नाही. वर्ष-दीड वर्षात, सप्टेंबर २०१० मध्ये, बटणं परत आली. एकही बटण नसलेलं यंत्र साधं दिसतं. वापरायला ते साधं असतंच असं नाही, कारण जे बटणावर लिहिलेलं असतं ते आता डोक्यात लिहून ठेवावं लागतं.

उलट सोनीचा पहिला वॉकमन बघा. १ जुलै १९७९ ला जपानात विक्रीला आला. पत्रकारांसाठी त्यांचा एक छोटा टेपरेकॉर्डर होता, प्रेसमन. त्यातून रेकॉर्डिंग काढलं, स्पीकर काढला, आणि ऐकण्यापुरतं स्टिरिओ ठेवलं. रेकॉर्डच होत नाही असा टेपरेकॉर्डर कोण घेणार, अशी शंका बऱ्याच जणांना होती. गंमत म्हणजे त्याच यंत्रात दोन नव्या सोयी घातल्या होत्या: हेडफोनच्या दोन खाचा, आणि एक केशरी बटण. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली यायचा आणि दोघं हेडफोन न काढता एकमेकांशी बोलू शकायचे. एकट्यानं ऐकत बसणं शिष्टाचाराला धरून नाही असं आकिओ मोरिता यांना वाटलं होतं, म्हणून ही योजना. लोकांना एकट्यानंच ऐकायचं होतं. केशरी बटण पुढच्या मॉडेलांतून गेलं. म्हणजे ज्यांनी नको ते इतक्या धीटपणे काढलं, त्यांनाही दुसरं नको ते घालायचा मोह आवरला नाही.

तर खरेदीचं. दुकानात दोन्ही प्लेअर चालू करून घ्या आणि रुमालाखाली धरा. वर बघा, खाली नाही. चालू करा, थांबवा, पुढच्या फाइलवर जा, आवाज कमी करा. बटणांची उंची, त्यांच्यातलं अंतर, एखाद्यावर उठवलेला ठिपका आहे का, हे बोटाला कळायला हवं. ज्याच्यावर ही कामं रुमालाखाली होतात तो बाबांचा. आता पाचवं काम: एखादी लांब फाइल मध्येच थांबवून प्लेअर पूर्ण बंद करा आणि पुन्हा चालू करा. जिथे सोडलं तिथूनच सुरू व्हायला हवं. हे न करता घरी येऊ नका. दीड तासाचं व्याख्यान रोज रात्री पहिल्या नमस्कारापासून सुरू होणार असेल तर बाबांना पहिली वीस मिनिटं तेवढी पाठ होतील. जाहिरातीत पावलं मोजणं ठळक असतं आणि ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

आणि 'होल्ड' लिहिलेली सरकपट्टी असेल तर दोन गुण जास्त द्या. ती सरकवली की बाकी बटणं मुकी होतात. माझ्या त्या कोटाच्या खिशाला तेवढीच हवी होती.

प्रश्न: ताई, माझ्याकडे साधा, कार्ड घालायचा प्लेअर आहे. शिकवणीची ४० भाषणं त्यात भरली, पण १ नंतर १० वाजतं, मग ११, आणि २ येतं कितीतरी वेळानं. गाण्यांच्या फोल्डरमध्ये तर काही क्रमच नाही, मात्र रोज तोच विचित्र क्रम. शिवाय ६४ जीबीचं नवीन कार्ड तो ओळखतच नाही. साध्या प्लेअरची हीच रड असते का? आता चांगला घ्यावा का?

उत्तर: घेऊ नका, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींवर घरीच औषध आहे.

पहिला: तुमचा प्लेअर नावं अक्षरांप्रमाणे लावतोय, आकड्यांप्रमाणे नाही. त्याच्या लेखी १० ची सुरुवात १ नं होते, म्हणून तो २ च्या आधी. फाइलींची नावं ०१, ०२ अशी करा. शंभराच्या वर जाणार असतील तर ००१ पासून सुरू करा. ग्रंथपालांना हे कधीपासून माहीत आहे.

दुसरा जरा छुपा आहे. काही प्लेअर नावाकडे बघतच नाहीत. कार्डावर फाइली ज्या क्रमानं लिहिल्या गेल्या, त्याच क्रमानं वाजवतात. कॉम्प्युटर तुम्हाला त्याच फाइली नावाप्रमाणे नीट लावून दाखवतो, त्यामुळे गोंधळ डोळ्यांना दिसत नाही. रोज तोच विचित्र क्रम म्हणता ना, तीच खूण. तो फोल्डर कार्डावरून पूर्ण काढून टाका आणि फाइली क्रमानं पुन्हा भरा. तरीही बिनसलं तर कार्डावरच्या नोंदी नावाप्रमाणे लावून देणारे छोटे, फुकट प्रोग्रॅम मिळतात.

तिसरा: ३२ जीबीच्या वरची कार्डं कारखान्यातूनच एक्सफॅट या पद्धतीनं आखून येतात, आणि जुन्या प्लेअरना फॅट३२ एवढंच वाचता येतं. कार्ड फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलं तर बरेच प्लेअर ते मुकाट्यानं घेतात. आतलं सगळं पुसलं जाईल, आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. पण मी विचारते, ६४ हवंच कशाला? १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या, एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. ३२ जीबीच्या कार्डावर साडेपाचशे तास मावतात. तुमच्या शिकवणीचे गुरुजी एवढं बोलले असतील असं वाटत नाही.

प्रश्न: मॅडम, दर वेळी तुमच्या सदरात साध्या यंत्रांचं कौतुक असतं. मी गेली पंधरा वर्षं ऐकतो, मन लावून ऐकतो. मला गाण्यांमध्ये फट न पडता वाजणारा प्लेअर लागतो, सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर लागतो, इक्वलायझर लागतो. आमच्यासारख्यांनी काय पाच बटणांवर समाधान मानायचं?

उत्तर: खडसावलंत ते बरं केलंत. यातल्या दोन गोष्टींवर मी तुमच्या बाजूनं सही करते.

फट न पडण्याचं आधी. एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण असतं, त्याचे तुकडे केलेले असतात, पण टाळ्या आणि तानपुरा एका तुकड्यातून दुसऱ्यात अखंड चालू असतो. आवाजाची क्षणाक्षणाला घेतलेली मोजमापं म्हणजे नमुने, आणि एमपीथ्री फाइल अशा ११५२ नमुन्यांच्या चौकटींची बनते. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. संगीत काही चौकट मोजून संपत नाही, म्हणून शेवटची चौकट शांततेनं भरावी लागते, आणि फाइलच्या सुरुवातीलाही थोडी शांतता येतेच. साध्या प्लेअरवर तेवढ्या जागी तानपुरा तुटतो. पाव सेकंदही नसेल, पण जिन्याची एक पायरी नसल्यासारखा पाय अडखळतो. ही शांतता ओळखून गाळणारा प्लेअर हवा हा तुमचा हट्ट रास्त आहे. त्याला बटण लागत नाही, मेनू लागत नाही, तो आत बसून मुकाट काम करतो.

आवाज एका पातळीवर आणण्याचंही तसंच. एक ध्वनिमुद्रण हळू, दुसरं कानठळ्या बसवणारं. प्रत्येक फाइलच्या माहितीत एक आकडा लिहून ठेवायचा आणि प्लेअरनं तेवढा आवाज उतरवायचा किंवा चढवायचा. एकदा करून ठेवलं की विसरून जा. रात्री ऐकणाऱ्याच्या कानांनाही ते बरं.

इक्वलायझरवर मात्र सही नाही. म्हणजे कान आणि हेडफोन ओळखून इक्वलायझरमधली एखाद्या सुराची पट्टी जराशी खाली आणणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण 'रॉक', 'पॉप', 'जॅझ' अशा तयार आकारांत बहुतेक वेळा काहीतरी वर उचललेलं असतं. आधीच काठोकाठ भरलेल्या आवाजात आणखी ओतलं की तो सांडतो, आणि सांडल्याची चरचर आपण 'दमदार बेस' म्हणून ऐकतो. वर उचलायचंच असेल तर एकूण पातळी आधी तेवढीच खाली घ्या.

आणि तुमच्यासारख्यांसाठी एक नाव सांगून ठेवते, कदाचित माहीतही असेल: रॉकबॉक्स. आर्कोस कंपनीच्या प्लेअरमधला मूळ प्रोग्रॅम पसंत नव्हता म्हणून २००१ च्या अखेरीस काही हौशी मंडळींनी स्वतःचा लिहायला घेतला. पुढे तो जुन्या आयपॉडवर आणि सान्सा क्लिपसारख्या चिमुकल्या प्लेअरवरही बसू लागला. त्यातला सेटिंगचा मेनू उघडलात तर जेवायला उठायचं विसराल. फट गाळणं, पातळी, खुणा ठेवणं, सगळं आहे.

पण मला त्यातली एकच सोय सांगायची आहे, आणि इथे मी माझ्याच पहिल्या उत्तराला थोडी टाचणी लावते. रॉकबॉक्स मेनू वाचून दाखवतो. आवाजाची फाइल बसवली की आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कानात सांगतो. फोल्डरांची नावंही बोलून घेता येतात, त्यासाठी कॉम्प्युटरवर थोडी खटपट करावी लागते. न दिसणारी कितीतरी माणसं केवळ यासाठी तो वापरतात. ही जास्तीचीच सोय, पण आडवी येत नाही, हात धरून नेते.

पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंनी हा परिच्छेद दादांना दाखवावा. त्यांना यंत्रात काही जास्तीचं घालायची एवढी हौस असेल तर एखादा जुना क्लिप मिळवून हे बसवायचं काम त्यांच्याकडे द्या. फोल्डर तीनच करा, 'गाणी', 'व्याख्यानं' आणि 'झोपताना', आणि ती नावं दादांनी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवावीत. बसवताना काही फसलं तर ते दादांच्या टेबलावर फसू दे. बाबांच्या हातात द्यायच्या आधी थांबवायच्या बटणावर नेलपॉलिशचा एक जाड थेंब सोडा आणि रात्रभर वाळू द्या, नाहीतर तो बाबांच्या बोटाला लागेल.